उसनी गाय

फॉर्ममध्ये एक ओळ होती: ‘पालकाने स्वतःच्या हस्ताक्षरात कुटुंबाची परिस्थिती लिहावी.’ खाली वीस रेघा आखलेल्या. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई. त्यानंतर माझ्या हातून जे काही लिहिलं गेलं ते किराणाच्या यादीत, नाहीतर गोळ्यांच्या वेळा लिहायच्या कागदावर. त्या वीस रेघा मी दोनदा मोजल्या.

पालक म्हणजे मीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मायला सही येत होती, तिच्यापुढचं येत नव्हतं. आणि जिच्यासाठी फॉर्म भरायचा होता ती माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात गाव पडलं तेव्हा मी सातवीत होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा परत सुरू झाली, पण मी गेले नाही. जायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मायचा पाय मोडलेला, पाणी भरायला घरात दुसरं कुणी नाही, मग आज नको, उद्या जाऊ, असं करता करता माझं नाव पटावरून निघून गेलं. त्याच शेडांच्या रांगेत वर्षभराने बहीण जन्मली. माझं लग्न झालं आणि टिकलं नाही. तो विषय इथे नको. नांदेडला एका मेसमध्ये काही वर्षं पोळ्या लाटल्या, मग पुण्यात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला आले ती आजतागायत पुण्यातच आहे.

बहीण हुशार निघाली. बारावीला तिला लातूरला ठेवलं. तेव्हा लातूरमध्ये क्लासची एक अख्खी दुनियाच उभी राहिली होती. गल्लीगल्लीत पाट्या, पाट्यांवर पोरापोरींचे फोटो, फोटोखाली मार्क. एका खोलीत चार पोरी, स्टोव्हवर खिचडी, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं. परीक्षा घेऊन एका क्लासने तिला निम्म्या फीमध्ये घेतलं होतं. निकाल लागल्यावर मी लातूरला गेले तेव्हा उगीचच सगळ्या पाट्या बघत हिंडले. ती कुठल्याच पाटीवर नव्हती. माणसांच्या डॉक्टरकीला थोडे मार्क कमी पडले आणि जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला, उदगीरला.

गावात एकजण म्हणाला, “एवढं लातूर करून शेवटी ढोरंच का?”

बहीण म्हणाली, “काका, ढोरं निदान औषध घेतल्यावर बाहेर जाऊन दारू तरी पीत नाहीत.” तो माणूस त्यानंतर आमच्या वाटेला गेला नाही.

सरकारी स्कॉलरशिप तिला मिळणार होती. पण ती कॉलेजच्या फीपुरती. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, गमबूट, पांढरा कोट, जाणं-येणं, हे सगळं वेगळं. माझ्या पगारातून मायचं घर चालत होतं. हॉस्टेलची जागा महिनाभर धरून ठेवतो असं कॉलेजने सांगितलेलं. आणि इकडे मामाने एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा बरा होता, तेच वाईट होतं. नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. बहीण फोनवर म्हणाली, “अक्का, होत नसलं तर राहू दे. पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मीही तसंच म्हटलं होतं.

नांदेडच्या मेसमध्ये असताना जेवायला येणाऱ्या पोरांकडून मी एका ट्रस्टबद्दल ऐकलं होतं. सरकारी मदत मिळूनही ज्यांचं अडतं, अशा पोरांना तो हॉस्टेल आणि मेसचा खर्च द्यायचा. जुना नंबर शोधून फोन केला, फॉर्म मागवला. पुण्याच्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहायला घेतला. पहिल्यांदा लिहिलं त्यात ‘आम्ही फार दुर्दैवी आहोत’ इथून सुरुवात होती. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“रडून लिहू नकोस. काय आहे आणि काय नाही, तेवढं लिही. त्यांना तेच हवं असतं.”

मग मी तेच लिहिलं. शेत नाही. जनावर नाही. टीव्ही नाही, फ्रिज नाही, गाडी नाही. सरकारने दिलेल्या दोन खोल्या आहेत. आई मजुरीला जाते, पाय दुखतो तेव्हा जात नाही. मी मिळवते, ते इतकं आहे. बहीण शिकेल, ती सोडणार नाही. वीस रेघांपैकी अकरा भरल्या. उरलेल्या कोऱ्या बघून मला वाटलं, काहीतरी राहिलं. बाई म्हणाल्या, “राहू देत.”

फॉर्म द्यायला मी स्वतः नांदेडला गेले. पोस्टावर माझा भरवसा नव्हता, आणि कुणाचं तरी तोंड बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. तिथल्या माणसाने फॉर्म बघितला आणि म्हणाला, आमची माणसं घरी येऊन बघून जातात, आदल्या दिवशी फोन करतो. मी घरचा, म्हणजे शेजारच्या मावशींचा नंबर दिला.

इथेच मी चुकले. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते मी मायला सांगितलंच नाही. काय सांगणार होते? तुझ्या घरात काय काय नाही त्याची यादी केली म्हणून?

आठवड्याने फोन आला. मी सुटी घेतली आणि ते यायच्या दिवशी सकाळी गावात उतरले. भूकंपानंतर बांधलेली आमची नवी वस्ती सरळ रांगांची आहे, सगळी घरं एका साच्यातली. तरी मी आमच्या दारावरून पुढे गेले आणि परत आले. दारात गाय बांधलेली होती.

साधीसुधी नाही, देवणी गाय. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान, शिंगांना तेल लावलेलं. आत गेले तर भिंतीला लागून फ्रिज. त्याच्यावर टीव्ही. चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पलंगावर फुलांची चादर, मांडणीवर चकचकीत स्टीलची भांडी. आमच्या घरातलं म्हणावं असं काही असेल तर भिंतीवरची बुद्धाची तसबीर आणि चूल.

“माय, हे काय करून राहिली तू?”

माय नवं लुगडं नेसून कांदा चिरत होती. “पाव्हणे येणार हायत ना. नांदेडहून येणार म्हणं, गाडी करून.”

“हे कुणाचं सगळं?”

“फ्रिज मास्तरच्या घरचा. चौघांनी उचलून आणला. टीव्ही त्याच्या शेजारच्याचा. गाय मावशीची. लई गुणाची हाय, काही करत न्हाई.”

“आणि ते बघायला काय येणार आहेत, ठाऊक आहे का?”

“ठाऊक हाय की. घर बघायला येतेत. पोरगी बघायला आल्यासारखंच ते.”

मी तिच्यासमोर बसले. फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते तिला सांगितलं. जनावर नाही, फ्रिज नाही, टीव्ही नाही. माझ्या हस्ताक्षरात, माझ्या सहीने. मायचा कांदा चिरायचा थांबला.

“तू असं लिहून दिलीस?”

“खरं तेच लिहिलं.”

“खरं असलं म्हणून काय झालं? लोकाला लिहून द्यायचं का?”

बहीण आतल्या खोलीत केस विंचरत होती. ती म्हणाली, “अक्का, मी कालपासून सांगून राहिले. ऐकत नाही.”

मी म्हटलं, अजून वेळ आहे, सगळं परत देऊन येऊ. माय उठली आणि दारात जाऊन उभी राहिली, जसं काही मी फ्रिज एकटीने उचलून नेणार होते.

“भूकंप झाला तवा मी ताडपत्रीखाली निजलेली असायची,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. “पाय बांधलेला. कुठून कुठून माणसं यायची. चांगली माणसं, देऊनच जायची. पण ताडपत्री उचलून आत बघायची. कुणी विचारलं न्हाई, बाई, येऊ का म्हणून. तू पाण्याला गेलेली असायची, तुला काय म्हाईत. एकदा एकीनं लोकरीचा कोट अंगावर टाकला, फोटू काढला आन् गेली. ऑक्टोबरचं ऊन ते. म्या तवाच ठरवलं, पुन्यांदा माझं उघडं घर कोणी बघणार न्हाई.”

मला तो कोट आठवत होता. काळा होता, गुडघ्याच्या खाली येणारा. त्याचं आम्ही पुढे पायपुसणं केलं. पण तो असा आला होता, हे मला त्या दिवशी कळलं. सामान परत करायची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. पण भीती तिथेच बसून राहिली.

पाहुणे दहाला येणार होते. ते आले चारला. आमच्या रांगेतली घरं सारखीच, नंबर पुसलेले, त्यात आधी दुसऱ्याच वस्तीत गेले होते. तोवर पोह्यांचे दगड झाले होते आणि गाय सकाळपासून परक्या दारात उभी होती. जीपमधून दोघं उतरली. एक साहेब, हातात फाइल. दुसऱ्या एक बाई, उमरीकडच्या शाळेतून रिटायर झालेल्या, पांढरी जाड वेणी. बाई दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, “येऊ का?”

मायने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “या ना, या.”

खुर्च्यांवर बसवलं, पाणी दिलं. साहेबांनी फाइल उघडली. माझा फॉर्म वर होता, लांबूनही मला माझं अक्षर ओळखू आलं. त्यांनी फ्रिजकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, मग फॉर्मकडे. पेनाचं टोपण काढलं. बाईंनी पाणी प्यायलं आणि पेला हातात फिरवला. आमच्याकडे भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत. लग्नात दिलेलं भांडं असो की बाजारातून आणलेलं, नाव हवंच, नाहीतर कार्यात गेलेलं भांडं परत येत नाही. बाईंनी त्यांच्या पेल्यावरचं नाव वाचलं. मग साहेबांचा पेला जवळ ओढून त्याच्यावरचं वाचलं. मग मांडणीवरच्या ताटांकडे मान तिरपी करून बघत बसल्या. शिक्षिकेची सवय, अक्षर दिसलं की वाचायचं. दोन पेल्यांवर दोन आडनावं होती आणि दोन्ही आमची नव्हती.

साहेब म्हणाले, “फॉर्मात लिहिलंय, जनावर नाही.”

माय म्हणाली, “हाय की. बाहेर बांधलीय ना.” म्हणाली आणि तिच्याच लक्षात आलं. पदर तोंडाला लावून ती चुलीकडे वळली.

“तुमची आहे?”

तेवढ्यात दोन घरं पलीकडून वासरू ओरडलं. महिन्याचं वासरू. मायने गाय आणली होती, वासरू नव्हतं आणलं. दारात घाण करेल म्हणून. धारेची वेळ झाली होती. वासराचा आवाज ऐकून गाईने दाव्याला हिसडा दिला आणि अशी हंबरली की साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. वासरू परत ओरडलं. दारातून दिसत होतं, कासेतून दूध जमिनीवर ठिबकत होतं.

बहीण तोवर भिंतीला टेकून उभी होती, शिकवल्यासारखी, खाली मान घालून. ती एकदम निघाली. मी म्हटलं, “अगं, थांब.” ती म्हणाली, “अक्का, कास भरलीय तिची. किती वेळ उभी करायची?” आणि बाहेर जाऊन तिने दावं सोडलं. गाय तिला ओढतच घेऊन गेली. आम्ही सगळे दारात येऊन बघत होतो. दोन घरं पलीकडे मावशींच्या दारात गाय गेली, वासरू कासेला लागलं, आणि मावशी तिथून मोठ्यांदा म्हणाल्या, “झालं का बघणं? एवढ्या लवकर?”

साहेबांनी फाइल मिटली. मला वाटलं, संपलं. आम्ही खोटे ठरलो, आणि ते खोटं मी लिहिलेलंही नव्हतं.

“साहेब,” मी म्हटलं, “फॉर्ममध्ये लिहिलंय तेच खरं आहे. घरात दिसतंय ते खोटं आहे.” मग मायच बोलली. मला सकाळी सांगितलं तेच सांगितलं, ताडपत्रीचं. रडली नाही. कोटाचं सांगताना तर थोडी हसली.

साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, “आम्ही बऱ्याच घरी जातो. आम्ही येणार कळलं की लोक टीव्ही शेजारी नेऊन ठेवतात. तुम्ही आणून ठेवलात.” ते चिडले होते की हसत होते, मला आजही सांगता येणार नाही.

बाई म्हणाल्या, “मला अजून थोडं पाणी द्या. पण यातून नको. तुमच्या पेल्यातून द्या.”

माय आत गेली. बराच वेळ लागला, कारण आमची भांडी तिने पोत्यात भरून पलंगाखाली ढकलली होती. तिने पितळी पेला काढून आणला. ढिगाऱ्यातून निघालेला, एका बाजूने चेपलेला, जमिनीवर ठेवला की डोलणारा. बाईंनी तो घेतला, त्याच्यावरचं बाबांचं नाव वाचलं, आणि सगळं पाणी प्यायल्या.

बहीण परत आली, तळहातावर दाव्याचा वळ उठलेला. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. “आत्ता गाय सोडलीस तर तुझी मदत जाऊ शकते, हे कळलं नव्हतं का?”

“कळलं होतं,” ती म्हणाली. “पण गाईला काय ठाऊक?”

ते गेल्यावर माय दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सामान परत करायला मात्र आम्ही तिघी मिळून गेलो. फ्रिज न्यायला चौघं परत आले, त्यातला एक म्हणाला, “काकू, एकदा लावून तरी बघायचा होता.” तेव्हा ती हसली.

हॉस्टेलच्या मुदतीला तीन दिवस असताना पत्र आलं. मावशींच्या दारात उभं राहून बहिणीने फोनवर वाचून दाखवलं. हॉस्टेल आणि मेस, कोर्स संपेपर्यंत. मी पुण्यात बाईंच्या स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं आणि बाई काही म्हणाल्या नाहीत. मामाच्या स्थळाला मायने स्वतः नकार कळवला. कारण काय सांगितलं ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही.

पत्राच्या शेवटी एक अट होती. दरवर्षी मार्कांच्या कागदासोबत पालकाने एक पान लिहून पाठवावं, स्वतःच्या हस्ताक्षरात. ती अट कुणी घातली असेल याचा अंदाज मला आहे. पहिल्या वर्षी ते पान लिहायला मला पंधरा दिवस लागले. तिसऱ्या वर्षी दोन पानं झाली. बहीण सरकारी दवाखान्यात लागली, देवणीकडच्या एका गावात, त्या वर्षी मी शेवटचं पत्र लिहिलं आणि आभार मानले. आठ दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. अट संपली, पत्र थांबवू नका, असं दोन ओळीत लिहिलेलं. मी थांबवलं नाही. हे सगळं लिहायचं धाडस झालं ते त्या पानांमुळे.

पहिल्या पगारात बहिणीने मायला स्टीलचे बारा पेले घेऊन दिले. प्रत्येकावर आमचं नाव कोरलेलं. या उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा मांडणीवर मला एकच पेला दिसला. माय म्हणाली, पलीकडच्या रांगेत पाव्हणे आलेत, त्यांनी नेलेत. परत आले का म्हणून मी पुण्याला निघेपर्यंत रोज विचारलं. तिने मोजलेही नव्हते.